सोंग उतरल्यावर



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय निवडण्याचे स्वातंत्र्य आम्हांला दिले होते. आम्ही विषय कळविला, आणि मग त्यांचे उत्तर यायला नेहमीपेक्षा आठ दिवस जास्त लागले. विषय त्यांनी मान्य केला हा त्यांचा मोठेपणा. फक्त एवढेच सुचविले, की बाहेरच्या फळ्यावर ‘एका चरित्रनटाची कहाणी’ इतकेच लिहावे. तसे लिहिले आहे. आता आपण सर्व येऊन बसला आहात, आणि जव्हारची हवा रात्री अजून सुखाची आहे. तेव्हा विषयाचा उरलेला अर्धा भाग येथे सांगून टाकतो. ज्या पुरुषाचे मन पुरुषावरच जडते, अशा माणसाने आपल्या रंगभूमीवर किंवा पडद्यावर लहानमोठी कामे करून पोट भरायचे ठरविले, तर त्याच्या वाट्याला काय येते, याविषयी आम्हांला बोलायचे आहे. कोणाला उठून जावेसे वाटले तर आम्ही राग मानणार नाही. पण थोडा वेळ बसावे अशी विनंती आहे, कारण गोष्ट आपल्याच गावाकडची आहे.

सोंग घेणे म्हणजे काय, हे जव्हार-मोखाड्याच्या माणसाला कोणी शिकवायला नको. होळीच्या सुमारास संबळ कडाडू लागले की गावोगाव बोहाडे सुरू होतात. मशालींच्या उजेडात गणपती येतो, सरस्वती येते, राक्षस येतात, आणि पहाटेच्या सुमारास जगदंबा आणि महिषासुर यांचे युद्ध रंगते. देव असो की देवी, मुखवट्यामागे पुरुषच. बरीचशी सोंगे पिढ्यान्‌पिढ्या एकेका घराकडे चालत आलेली असतात. बाप थकला की मुखवटा मुलाच्या डोक्यावर चढतो. देवीचे सोंग घेतलेल्या पुरुषापुढे सारा गाव वाकतो. बायका लेकराला त्याच्या पायावर घालतात. सकाळी तोच गडी खांद्यावर कुऱ्हाड टाकून रानात निघतो आणि त्याला कोणी काही विचारीत नाही.

आमच्या वर्गात अशाच एका घरचा मुलगा होता. त्याचे नाव आम्ही सांगणार नाही. मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरून तो जव्हारला शिकायला आला होता. त्याच्या घराकडे बोहाड्यातले एका देवीचे सोंग होते. आवाज बारीक, हात बोलके, आणि चालण्यात जन्मजात एक लय. आम्हां मुलांना ती लय दिसली नव्हती असे नाही, पण तिचे काय करायचे ते आम्हांला ठाऊक नव्हते. पुढे यात्रेत तंबूतला सिनेमा आला. चित्रपट तमाशाचा होता आणि त्यात गणपत पाटील होते. दुसऱ्या दिवसापासून त्या मुलाचे नाव बदलले. तो फळ्याजवळ गणित सोडवायला उठला की मागच्या बाकावरून कोणी तरी टाळी वाजवून ‘आत्ता गं बया!’ म्हणे, आणि सारा वर्ग हसे. मास्तर छडी आपटीत, पण त्यांचेही ओठ हलत. त्या हसण्यात आम्ही होतो. खरे सांगायचे तर पुढेच होतो. नववीनंतर तो मुलगा शाळेत आला नाही.

पुढे पुष्कळ वर्षांनी या गोष्टीचा विचार करू लागलो तेव्हा आमच्या मनात पहिला प्रश्न आला तो गणपत पाटलांचा. ज्या माणसाच्या नावाने आम्ही एका पोराला शाळेबाहेर काढले, तो माणूस होता तरी कोण?

गणपत पाटील हे कोल्हापूरचे. घर गरिबीचे, वडील लहानपणीच गेले, तेव्हा मोलमजुरी करून घराला हातभार लावणे आले. कोल्हापुरात त्या काळी मेळे चालत. त्या मेळ्यांत ते सीतेचे काम करू लागले. तेथून त्यांचे पाऊल स्टुडिओकडे वळले. राजा गोसावी हे पुढे मोठे विनोदी नट झाले. पण त्या दिवसांत तेही स्टुडिओत पडेल ते काम करीत, आणि त्यांच्या ओळखीचा गणपतरावांना उपयोग झाला. गर्दीत उभे राहणे, दुसऱ्याच्या चेहऱ्याला रंग लावणे, मिळाले तर दोन वाक्ये बोलणे, अशी ही उमेदवारी. चरित्रनटाचे आयुष्य असेच असते. त्याचे नाव पाटीवर शेवटून कोठे तरी येते. लोक त्याला रस्त्यात ओळखतात ते चेहऱ्याने. नाव विचारले तर सांगता येत नाही. नायक आजारी पडला तर चित्रीकरण थांबते. चरित्रनट आजारी पडला तर दुसरा बोलावतात. म्हणून असा नट एखादी गोष्ट अशी करून ठेवतो, की ती दुसऱ्याला करताच येऊ नये. गणपतरावांनी तमाशातला नाच्या तसा करून ठेवला.

नाच्या हा मोठा मजेदार आणि अवघड प्राणी आहे. जुन्या तमाशात बाई नव्हती. कोवळा पोरगा लुगडे नेसून नाचे, त्याला ‘नाच्या पोऱ्या’ म्हणत, आणि फडाची सारी शोभा त्याच्यावर असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळा उभी राहिली, पाठोपाठ इतर स्त्रिया आल्या, आणि नाच्याच्या पायांतली सत्ता गेली. मग त्याने काय करावे? तो सोंगाड्या आणि नाचणारीण यांच्या मध्ये उभा राहिला. गौळणीत बायकी मुरडा घेऊन कृष्णाशी भांडणे, सोंगाड्याला तोंडी लावणे, बाईच्या नाचाला दाद देणे, वग रेंगाळला तर एका शब्दाने तो हलविणे, हे त्याच्याकडे आले. पूर्वी प्रेक्षक त्याच्या नाचाला भुलत असत, आता त्याच्या हावभावांना हसू लागले. हा बदल लहान नव्हे. बायकी पुरुष हा आपल्याकडे हसण्याचा विषय कायमचा कसा झाला, याचे एक मूळ आम्हांला येथे दिसते.

१९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला. पुण्यात तो शंभराहून अधिक आठवडे चालला आणि मराठीत तमाशापटांची लाट उसळली. फड आला की नाच्या आला, आणि नाच्या म्हटला की गणपत पाटील. मान वेळावणे, कमरेवरचा हात, शब्द ओढून सोडणे, आणि ती टाळी. आम्ही अलीकडे त्यांचे काम पुन्हा लक्ष देऊन पाहिले. वेळेचे भान विलक्षण. समोरचा नट वाक्य विसरला तरी प्रेक्षकाला कळू नये इतका सावधपणा. आणि मौज अशी, की त्या साऱ्या मुरडण्यात ओंगळपणा फार थोडा आहे. त्यांचा नाच्या पुष्कळदा फडातल्या बाईचा एकटा सच्चा मित्र असतो. हे आम्हां मुलांना तंबूत का दिसले नाही? आम्ही फक्त टाळी घेऊन घरी आलो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. गणपत पाटील समलिंगी नव्हते. त्यांना पत्नी होती, मुलेबाळे होती, चारचौघांसारखा संसार होता. पण लोकांनी ते मानले नाही. पडद्यावर जो दिसतो तोच घरी असणार, अशी प्रेक्षकांची ठाम समजूत. रस्त्यात कुचेष्टा, पाठीमागे टाळ्या, संसाराविषयी नको ते प्रश्न. आणि हा ताप एकट्या त्यांना झाला नाही, घरच्यांनाही सोसावा लागला. खलनायकाचे काम करणाऱ्याला कोणी खुनाबद्दल पकडीत नाही. राजाचे काम करणाऱ्याला कोणी सारा भरीत नाही. नाच्याचे काम करणाऱ्याला मात्र लोकांनी त्या कामाची शिक्षा जन्मभर दिली. २३ मार्च २००८ रोजी ते कोल्हापुरात वारले.

येथे कोणी म्हणेल, की महाराष्ट्राने स्त्रीवेष घेणाऱ्यांना डोक्यावर घेतले आहे. खरे आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हापासून कितीएक वर्षे मराठी रंगभूमीवरच्या नायिका पुरुषच होते. बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले, १९१३ साली त्यांनी स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली, आणि घरंदाज स्त्रिया त्यांच्या नेसण्याचे, त्यांच्या वेणीचे अनुकरण करू लागल्या. १९६४ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. त्यांना कोणी टाळ्या वाजवून चिडविले नाही. मग गणपत पाटलांनाच का? आमच्या मते दोन कारणे आहेत. बालगंधर्वांनी जी स्त्री उभी केली ती शालू नेसलेली, कुलीन, भामिनी-रुक्मिणीच्या घरची. तिच्याविषयी हसण्याची कोणाची छाती नव्हती. नाच्या हा फडातला, पाल ठोकून राहणारा, जातीपातीच्या उतरंडीत खालचा. हे झाले एक. दुसरे असे, की बालगंधर्व पडदा पडला की पुरुष होत. वेष आणि माणूस यांच्यामध्ये रंगपटाचे दार होते. गणपतरावांचा नाच्या पुरुषाच्याच चेहऱ्याने बायकी होता. त्याला उतरवून ठेवायला मुखवटा नव्हता, विग नव्हता, शालू नव्हता. त्यांचा स्वतःचा चेहराच ते सोंग होऊन बसला.

आणि या साऱ्यात आपण तीन निरनिराळ्या गोष्टींची एक मोट बांधून टाकली. एखाद्याची चालबोल बायकी असते, ही एक गोष्ट. एखाद्याला आपण पुरुष नसून स्त्रीच आहोत असे आतून वाटते, ही दुसरी. एखादा पुरुष पुरुषावर प्रेम करतो, ही तिसरी. पहिला संसारी असू शकतो, जसे गणपतराव. तिसरा पिळदार मिशांचा फौजदार असू शकतो, आणि असतो. आपल्या भाषेने तिघांसाठी एकच शिवी ठेवली आहे, ती येथे उच्चारण्याचे कारण नाही. त्या शिवीने गणपतरावांना विनाकारण झोडपले. ज्यांना खरोखर लपवायचे होते, त्यांनी ते झोडपणे पाहिले आणि आणखी खोल लपले. पडद्यावर मामा, हवालदार, कारकून, डॉक्टर अशी कामे करणारा एखादा समलिंगी नट घरी परतला की त्याचे दुसरे नाटक सुरू होई. लग्नाचे विचारणाऱ्यांना द्यायची उत्तरे पाठ, सोबत राहणारा मित्र कोणी म्हणून ओळख करून द्यायचा ते पाठ, हातवारे किती करायचे तेही पाठ. या नाटकाला मध्यंतर नसते.

लपण्याला केवळ कुचेष्टेचे कारण नव्हते, कायद्याचेही होते. इंग्रजांनी १८६० साली भारतीय दंडसंहिता केली, तिच्या ३७७ व्या कलमाने असे प्रेम शरीरापर्यंत पोचले की गुन्हा ठरत असे, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. महाराष्ट्रात या विषयावर शहाणपणाने बोलणारे कोणी नव्हतेच असे मात्र समजू नये. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. वाचक त्यांना खाजगी प्रश्न विचारीत, त्यांत समलिंगी संबंधांविषयीही विचारीत, आणि कर्वे शांतपणे, शास्त्राला धरून उत्तरे देत. या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण त्या वेळी, त्या प्रश्नासाठी, आंबेडकरांसारखा माणूस उभा राहिला ही गोष्ट आपल्या शाळांतून सांगितली जात नाही, म्हणून येथे सांगतो. पुढे १९८१ साली विजय तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ लिहून स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री मराठी रंगमंचावर आणली. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २००९ साली ३७७ वे कलम अशा प्रेमापुरते बाजूस सारले, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा बसविले, आणि अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी प्रौढांच्या राजीखुषीच्या संबंधांना गुन्ह्यातून मोकळे केले. त्या खटल्याला ज्यांचे नाव पडले ते नवतेजसिंग जोहर हे भरतनाट्यम नर्तक आहेत. नाचणाऱ्या पुरुषाच्या नावाने हा निकाल ओळखला जावा, याचे आम्हांला कौतुक वाटते. विवाहाचा हक्क मात्र २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला नाही.

मग कोणी नट उघडपणे बोललाच नाही काय? बोलला. त्यासाठी थोडा वेळ बंगालात जावे लागेल.

चपल भादुरी हे कलकत्त्याचे. आई प्रभादेवी बंगाली रंगभूमीवरची नावाजलेली अभिनेत्री. चपलबाबू पोरवयात जात्रेत शिरले. जात्रा म्हणजे बंगालचा तमाशा म्हणा, दशावतार म्हणा. मोकळ्या मांडवात, चहूबाजूंनी प्रेक्षक. तेथे राणीची, नायिकेची कामे करून ते ‘चपल राणी’ झाले. रात्र रात्र हजारो लोक त्यांच्यासाठी बसत. मग जात्रेत स्त्रिया आल्या आणि जे आपल्या नाच्याचे झाले तेच चपल राणीचे झाले. कंपनीला त्यांची गरज उरली नाही. हलाखीचे दिवस आले. तेव्हा हा माणूस शीतलादेवीचे सोंग घेऊन थोड्याशा पैशांसाठी कलकत्त्याच्या वस्त्यांतून उभा राहू लागला. देवी अंगावर चढविताना तो पुरुषाचा बाप्या कसा हळूहळू देवी होतो, हे नवीन किशोर यांनी १९९९ साली एका माहितीपटात टिपून ठेवले आहे. आणि त्याच माहितीपटात चपलबाबू चेहऱ्याला रंग लावता लावता आपण एका पुरुषावर कसे दीर्घकाळ प्रेम केले, ते सांगतात. आवाज चढत नाही, क्षमा मागत नाहीत, पुढे होऊन झेंडाही मिरवीत नाहीत. तेव्हा ३७७ वे कलम जिवंत होते, हे ध्यानात घ्यावे. २०१० साली कौशिक गांगुली यांनी त्यांच्या जीवनावरून चित्रपट केला. त्यात ऋतुपर्ण घोष यांनी तरुण चपल साकारला आणि म्हातारे चपलबाबू स्वतः चपलबाबू म्हणूनच उभे राहिले. आयुष्यभर राण्या आणि देव्या झालेल्या नटाला पडद्यावर स्वतःचे काम मिळाले.

आम्ही हा माहितीपट पाहिला तेव्हा आम्हांला बोहाडा आठवला, आणि बोहाड्यामागून तो वर्गमित्र आठवला. येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. शहरातले काही विद्वान आमच्या पाड्यांकडे पाहून म्हणतात, की आदिवासी समाज पाहा किती उदार, पुरुषाला देवी करून पुजतो. आम्ही येथलेच. आम्हांला इतके सोपे वाटत नाही. गाव वाकतो तो देवीपुढे. मुखवट्यामागचा गडी कोणावर जीव लावतो हे गाव विचारीत नाही, पण तो विसाव्या वर्षी लग्न करीत नाही असे दिसले की विचारू लागतो, आणि मग सोडीत नाही. तरी एक गोष्ट खरी. बोहाड्यात सोंगाची थट्टा माणसाच्या घरापर्यंत येत नाही. तंबूतल्या सिनेमाने आणि आमच्या शाळेने मिळून ती आणली.

त्या वर्गमित्राचे पुढे काय झाले ते सांगून पुरे करतो. शाळा सुटल्यावर तो मुंबईस गेला. पहिली काही वर्षे गिरणगावातल्या एका खोलीत आठ जणांत राहिला, मिळेल ते काम केले, आणि हळूहळू नाटकमंडळ्यांत शिरला. व्यावसायिक नाटकांत, पुढे दूरदर्शनच्या मालिकांत आपण त्याला पाहिले असेल. पोस्टमन, देवळातला गुरव, नवरदेवाचा मामा, न्यायालयातला पट्टेवाला. मुद्दाम आवाज जाड करून बोलत असे. ती सवय त्याला शाळेने लावली होती. एकदा त्याला विनोदी मालिकेत बायकी नोकराचे काम देऊ केले, पैसे दुप्पट. त्याने नाकारले. कारण विचारले तर म्हणाला, घरभाडे थकले आहे, पण या कामाला आपल्याजवळ उतरवायला मुखवटा नाही.

२०१८ च्या सप्टेंबरात, त्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी, त्याचा आम्हांला फोन आला. पूर्वी कधी तो आपण होऊन फोन करीत नसे. आपल्याबरोबर पंचवीस वर्षे राहणारे गृहस्थ कोण, ते त्याने तेव्हा प्रथम सांगितले. आम्हांला ते केव्हाच उमगले होते, पण उमगणे आणि त्याने सांगणे यांत अंतर आहे. मग आम्हीही एक गोष्ट सांगितली. मागच्या बाकावरून पहिली टाळी कोणी वाजविली होती, ते. तो थोडा वेळ बोलला नाही. नंतर म्हणाला, ते त्याला त्याच दिवशी कळले होते. आमची टाळी इतरांपेक्षा बेताल होती.

दर वर्षी बोहाड्याला तो गावी येतो. सोंग त्याच्या घराकडेच आहे. पुतण्या मोठा होईपर्यंत मुखवटा त्यानेच चढविला, आणि तेवढी एक रात्र आवाज जाड करण्याची त्याला गरज पडली नाही. आता गुडघे साथ देत नाहीत. गेल्या खेपेस आम्ही मुद्दाम गेलो होतो. पुतण्याच्या डोक्यावर मुखवटा बांधण्याचे काम त्याने केले, गाठी दोनदा तपासल्या, आणि मग सोंगापुढे मशाल धरून चालू लागला. त्याच्या शेजारी, तेलाची बुधली घेऊन, मुंबईचे ते गृहस्थ चालत होते. मशाल मंदावली की ते तेल घालीत होते. बायका देवीच्या पाया पडत होत्या, त्यांतल्या एका म्हातारीने जाता जाता त्या गृहस्थांना विचारले, की भाऊ, चहा घेतला का.